वत्सूताईच्या वर्गातला एकुलता एक गेस्ट

वत्सूताई,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी एका पाहुण्याच्या हातावर तूप ओतलं. पाहुणाही असातसा नव्हता. ज्याच्या नव्या हॉटेलात तुझ्या वर्गातल्या मुलामुलींना नोकरी लागायची आहे, तो मॅनेजर. तूप कोमट होतं म्हणून निभावलं, पण त्याची पांढरी बाही कोपरापर्यंत पिवळी झाली आणि घड्याळाच्या आत किती गेलं ते त्याचं त्यालाच माहीत.

झालं ते असं. पोळीवर तूप वाढायला गेलो, तर त्यानं पानावर हात आडवा धरला. आपल्याकडे पानावर हात आडवा आला म्हणजे पंगतीला रंग चढला. वाढणारा म्हणणार, 'थोडंसंच,' जेवणारा म्हणणार, 'अहो, नको नको,' वाढणारा धार सोडणार आणि जेवणारा नेमका तेव्हाच हात काढून घेणार. हात कधी काढायचा, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. या बिचाऱ्यानं हात काढलाच नाही. त्याला खरंच नको होतं.

'कोई बात नहीं, पंडितजी,' तो म्हणाला आणि हसला. दात दिसतील न दिसतील इतकंच, अगदी तुझ्या वर्गातलं हसणं. मुंडन केलेलं डोकं, हातात तुपाचं भांडं, असा मी तिथे उभा, आणि कानात तुझा आवाज: 'एकदा विचारायचं. नाही म्हणाले की मागे व्हायचं.' तू होतीस तेव्हा या वाक्यावर मी तुझ्याशी किती वेळा भांडलो असेन. आता भांडायला तू नाहीस, तर ते वाक्य माझ्या मागे मागे फिरतं.

मंगला गौरीच्या देवळाजवळची आपली मराठी मंडळी मागे लागली आहेत की वत्सूताईंवर चार चांगले शब्द लिहून दे. मी बसतो लिहायला. चार शब्द होतात, आणि पाचव्याला मी तुझ्याशी वाद घालायला लागतो. तेव्हा हे तुलाच लिहितो. मंडळींनी वाचलं तर वाचू देत.

दुर्गाघाटच्या त्या बोळात, जिथे सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते, तिथे तू हॉटेलातल्या नोकरीचं शिक्षण द्यायला वर्ग काढलास तेव्हा मी हसलो होतो. तू हसली नाहीस. कॅन्टोन्मेंटकडच्या हॉटेलात तू आधी खोल्या लावल्यास, मग खोल्या लावणाऱ्या पोरींवर देखरेख केलीस, आणि तेवढ्यात तुझे केस पांढरे झाले. आमचे बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना सांगायचे, 'आमची भाची ऑफिसात असते.' तू समोर असलीस तर म्हणायचीस, 'हो, आणि मामा, ऑफिसातले संडासही मीच बघते.' यजमान चहा ठेवून गंगेकडे बघायला लागायचे.

वर्ग म्हणजे तुझी पुढची खोली. टेबलावर चादर टाकली की रिसेप्शन, चादर काढली की डायनिंग हॉल. पलंग एकच, तोही तुझाच. दिवसभर मुलं तो लावायची, मोडायची, पुन्हा लावायची, आणि मग तू त्याच पलंगावर झोपायचीस, चादरीचे चारी कोपरे गादीखाली घट्ट खोचलेले, पाय हलवायला जागा नाही. मी म्हटलं होतं, 'अगं, रात्रीपुरती तरी ती चादर सैल कर.' तू म्हणालीस, 'मुलांनी मेहनतीनं लावलीय, मोडवत नाही.'

सगळं होतं, गेस्ट तेवढा नव्हता. म्हणून तू मला धरलंस. शाळेत संस्कृत शिकवून थकल्यासारखं दाखवत घरी परतणाऱ्या माणसाला तू रोज संध्याकाळी बॅग देऊन दाराबाहेर उभं केलंस. आत यायचं आणि तक्रार करायची. गरम पाणी नाही, चावी हरवली, शेजारच्या खोलीत गोंगाट आहे, मुलं काय उत्तर देतात ते बघायचं. एवढंच काम. पण मला एवढ्यावर कुठलं राहवतंय? मी सुरतेचा व्यापारी व्हायचो. मुलीचं लग्न ठरवायला आलेला, व्याह्यांशी बिनसलेलं, आणि त्यात गरम पाणी नाही. व्याह्यांचं प्रकरण रंगात आलं की तू मागून म्हणायचीस:

'बाळू, व्याही नकोत. पाणी गरम नाही, तेवढं बोल.'

'अगं, गेस्टला काही मागचंपुढचं असेल की नाही?'

'असतं. पण ते तो सांगत नाही. म्हणून तर ही नोकरी अवघड.'

मुलं मला 'गेस्टजी' म्हणायला लागली. शाळेत इतकी वर्षं शिकवून मला टोपणनावसुद्धा मिळालं नव्हतं. तुझ्या वर्गात आठवड्याभरात मिळालं. याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

आपलं पहिलं मोठं भांडण झालं ते प्रीतीवरून. राजा घाटाच्या वरच्या बाजूला तिच्या वडिलांची चहाची टपरी आहे. बारावी होऊन घरी बसली होती, तुझ्याकडे आली. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मिर्झापूरला आत्याच्या दुकानात बसायचं, असं तिच्या घरी ठरलेलं. तिला ते दुकान नको होतं. का नको, हे तिनं मला एकदा सांगितलं: 'वहाँ बुआ दिन भर एक ही बात करती हैं, गेस्टजी।' मला पटलं.

तर त्या दिवशी मी जेवायला बसलेला गेस्ट होतो. प्रीतीनं विचारलं, 'सर, थोड़ी दाल और?' मी म्हटलं, 'नहीं नहीं।' आपल्या पद्धतीनं म्हटलं, डाळीच्या भांड्याकडे बघत. पोरगी हुशार. तिनं बरोबर ओळखलं आणि वाढली. मला इतका आनंद झाला की मी गेस्टपणा विसरून 'शाब्बास' म्हटलं. तू मात्र तडकलीस.

'उसने ना बोला था न?'

'ताईजी, मुँह से ना बोले, मन से हाँ था।'

'मन तेरे ट्रेनिंग में नहीं है।'

मुलं गेल्यावर आपण त्याच टेबलाशी बसून वाद घातला. मी म्हटलं, आग्रहाशिवाय पाहुणचार म्हणजे नुसती वाढणावळ. तू म्हणालीस, आग्रह ही वाढणाऱ्याची हौस असते, समोरच्याच्या पोटाला कुणी विचारलेलं नसतं. मी म्हटलं, तुझ्यासारखं एकदा विचारून मागे झालं तर अर्धी पंगत उपाशी उठेल.

'उठू दे. पुढच्या वेळी खरं बोलतील.'

आणि मग ताट उचलता उचलता तू म्हणालीस, 'माझं "नको" या घरात पहिल्या वेळी कुणी ऐकलंय का, सांग.' तुला दाखवायला आणलेली ती स्थळं, 'एकदा बघून तर घे' म्हणणाऱ्या मावश्या, आत्या, आमची आई, सगळ्या डोळ्यांपुढून गेल्या. यावर मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, 'डाळ छान झाली होती.' तू म्हणालीस, 'मीठ कमी होतं.' विषय संपला.

हे भांडण मी एक वेळ सोडून दिलं असतं. दुसरं सोडवत नाही, आणि त्याचाच राग आहे.

तो मॅनेजर. तुझ्या जुन्या ओळखीतला. नवं हॉटेल उघडतंय, तुझ्या सगळ्या मुलांना घेतो, म्हणाला. तू खूश. मग म्हणाला, उघडायला वेळ आहे, तोवर मुलांना ट्रायलला पाठवा. ट्रायल म्हणजे लग्नाच्या लॉनवर दुपारपासून उभं राहून प्लेटी फिरवायच्या, उष्टं गोळा करायचं, पाहुणे गेले की खुर्च्या रचायच्या. हाती काही नाही, जेवण मिळालं तर मिळालं. एक लग्न झालं, दुसरं झालं, लग्नसराई संपली, पुन्हा सुरू झाली. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, आख़िरी ट्रायल है. हॉटेलाचं उद्घाटन पुढे पुढेच चाललेलं.

मी म्हटलं, 'ताई, हा फुकट राबवतोय.'

तू म्हणालीस, 'काम अंगावर पडल्याशिवाय येत नाही. मीपण असंच शिकले.'

'मग त्याच्याकडून शब्द घे. कधी घेणार, किती जणांना घेणार.'

'त्याला मी तो पोरसवदा ट्रेनी होता तेव्हापासून ओळखते. शब्द काय घ्यायचा?'

मग मला जे सुचलं ते मी बोललो, आणि मला वाटतं ते मी बरोबर बोललो. म्हटलं, तू या मुलांना 'हो' कसं म्हणायचं ते अगदी घोटून घेतेस. अभी भिजवाते हैं, सर. माफ़ कीजिए, मैडम. आपकी बात सही है, सर. गेस्टचं 'नाही' पहिल्या वेळी ऐकायचं, हेही शिकवतेस. पण यांनी स्वतः 'नाही' कसं म्हणायचं, याचा एक तरी तास घेतलास का?

तू पलंगाची चादर ओढत होतीस. ओढत राहिलीस. मग म्हणालीस, 'नाही म्हणायला आधी पायाखाली जमीन लागते, बाळू. तुझी सरकारी नोकरी आहे म्हणून तुला सुचतं. आधी यांना आत शिरू दे.'

ताई, याचं उत्तर मला त्या दिवशी आलं नाही आणि आजही येत नाही. म्हणूनच चिडचिड होते. तू चुकीची आहेस हे मला दिसत होतं आणि तुझं वाक्य बरोबर होतं. असं भांडण अर्धं टाकून कुणी जातं का?

तुझ्या शेवटच्या दिवसांत पोरींनी तुझं सगळं केलं. तू पलंगावर असतानाच चादर बदलायची होती. प्रीतीनं तुला एका कुशीवर वळवलं, अर्धी चादर काढली, अर्धी घातली, मग दुसऱ्या कुशीवर. मी दारात उभा, बघवत नाही म्हणून बोळातल्या बैलाकडे बघत. तुला बोलायला त्रास होत होता. तरी तू म्हणालीस, 'कोना ढीला है।' प्रीतीनं कोपरा पुन्हा खोचला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर तेच तुझं शिकवलेलं हसणं होतं. त्या क्षणी मला तुझा अभिमान वाटला की राग आला, ते अजून ठरत नाही. रडणाऱ्या पोरीला रडू तरी द्यायचं होतंस.

तर तेरावा. मॅनेजरनं बाही धुतली, निघाला. दारात मला म्हणाला, 'पंडितजी, मैडम नहीं रहीं, बहुत दुख है। बच्चों को एकादशी की शादी में भेज दीजिएगा। बस, आख़िरी ट्रायल समझिए।'

मी त्याच्या बाहीकडे बघत मान डोलावली. तूप ओतलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

तो बोळाच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मुलं माझ्याभोवती जमली. प्रीतीनं विचारलं, 'गेस्टजी, जाना है क्या?'

मी कोण सांगणारा? मी म्हटलं, 'तुम लोग क्या चाहते हो?' सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हा प्रश्न वर्गात कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या खोलीत गेलो, टेबलावर चादर टाकली आणि म्हटलं, आज मी गेस्ट नाही, मॅनेजर. मी खुर्चीत मागे रेललो, मोबाइल कानाला लावला. ढोंग करायची सवय तूच लावलीस. 'बेटा, शादी में आ जाना। घर जैसी बात है।' मुलांनी 'नाही' म्हणायचं होतं. पहिला विकास, हसून म्हणाला, 'जी सर।' मी म्हटलं, 'अरे, ना बोलना है।' तो म्हणाला, 'मुँह से निकलता ही नहीं, गेस्टजी।' मग मी माझं ठेवणीतलं काढलं. आपल्या घराण्यातला आग्रह. थोडंसंच. एवढं एकच. माझ्यासाठी. ताईजींची शपथ आहे. पोरं एकेक करून गळाली. हात पानावर धरायची आणि काढून घ्यायची, आपल्यासारखीच. आग्रह समोरून कसा दिसतो ते मला त्या संध्याकाळी कळलं. तू आत असतीस तर टाळी मागितली असतीस.

प्रीती शेवटी उठली. तिनं हात मागे बांधले, तू शिकवलंस तसे. म्हणाली, 'सर, आपके यहाँ काम करना हमारे लिए बड़ी बात है। शादी में हम नहीं आ पाएँगे। होटल में कब से रखेंगे, बता दीजिए, हम उसी दिन आ जाएँगे।' मी खूप आग्रह केला. ती हसली आणि पुन्हा तेच म्हणाली. शब्द न् शब्द तेच.

खऱ्या फोनवरही तिनं अगदी हेच म्हटलं. सगळ्यांच्या समोर, स्पीकर लावून. मग मॅनेजर म्हणाला, 'मैडम ने ये सिखाया है?' प्रीती म्हणाली, 'जी सर, उन्हीं से सीखा है।' तो म्हणाला, 'बताते हैं।' त्यानंतर त्यानं फोन उचललेला नाही.

मुलांच्या घरचे माझ्याकडे येऊन गेले. प्रीतीचे वडील टपरी सोडून आले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, 'गेस्टजी, आपकी तो पेंशन बँधी है। हमारी बिटिया को ये ना बोलना काहे सिखा दिए?' तुझंच वाक्य, ताई, राजा घाटावरून फिरून आलेलं. मी त्यांना चहा दिला. टपरीवाल्याला चहा देणं हे माझ्यासारख्यालाच सुचतं. त्यांनी तो प्यायला आणि कपबशी विसळून ठेवून गेले.

विकास कुणाला न सांगता त्या लग्नाला जाऊन आला. परवा खाली मान घालून सांगत होता, 'वहाँ नए बच्चे थे, गेस्टजी। कहीं और की ट्रेनिंग वाले। उनको भी यही बोले थे, आख़िरी ट्रायल है।'

म्हणजे माझंच बरोबर होतं. तुझ्या पलंगाच्या कडेला बसून मी हे मनातल्या मनात तुला अनेकदा ऐकवलं, आणि दर वेळी तू तेच विचारतेस: मग प्रीतीला नोकरी लागली का? नाही लागली, ताई. मॅनेजर कसा आहे ते कळलं आणि नोकरी गेली, दोन्ही एकाच फोनमध्ये झालं. तिनं मिर्झापूरचं बोलणं घरात आठवड्याभरापुरतं थोपवून धरलंय. कसं, ते सांगत नाही. बहुधा तसंच हसून, तेच तेच वाक्य म्हणून.

काल संध्याकाळी ती आमच्या घरी आली. म्हणाली, कॅन्टकडे हॉटेलांच्या दारांवर जाऊन स्वतःच विचारणार आहे, उद्यापासून एकेक दार. 'आप कल क्लास में आइए, गेस्टजी। टेढ़ा वाला गेस्ट बनिए, और बीच में छोड़िएगा नहीं।' म्हणजे तिरसट गेस्ट व्हा आणि मध्येच दया दाखवून सोडून देऊ नका.

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर मंदाला, माझ्या बायकोला, म्हटलं की आता मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. मी मास्तर नाही, मॅनेजर नाही, काही नाही. तुझी मॅनेजरशी इतक्या वर्षांची ओळख मी एका तासात घालवली, पोरीच्या हातची नोकरी घालवली. खोटी तक्रार करण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि जिच्यासाठी ती करायचो ती तू गेलीस.

मंदा गच्चीवरून आणलेले कपडे घडी घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

'वत्सूताईंनी आज तुम्हाला वर्गातून हाकलून दिलं असतं,' ती म्हणाली. 'आणि उद्या दुपारी मला फोन केला असता. रोजच करायच्या. बाळू येतोय ना, तो नसला की पोरांच्या तोंडावर जीव येत नाही, म्हणायच्या. आणि त्याला सांगू नकोस, असंही म्हणायच्या.'

तिनं माझा सदरा घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.

'आता फोन यायचा नाही. म्हणून मीच विचारते. जाताय ना?'